तुम्ही विचारलंत म्हणून: संध्याकाळी सहा वाजता ऑफिसमधून का उठते?

"आधीच्या नोकरीत रात्री दहा-दहापर्यंत बसायचीस, आता सहा वाजले की बॅग उचलतेस. कंपनीबद्दल काही वाटेनासं झालं का?" जुने सहकारी भेटले की हे विचारतात, घरचेही विचारतात. प्रत्येक वेळी काहीतरी तुटक बोलून मी विषय बदलला. आज नीट सांगते.

काम मला आजही मनापासून आवडतं. रक्कम शेवटच्या पैशापर्यंत जुळते तेव्हा होणारा आनंद अजून तसाच आहे.

मी अकाउंट्समध्ये आहे. आधीच्या कंपनीत माझ्या शेजारचा सहकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा साहेब म्हणाले, "दोन महिने सांभाळून घ्याल का? नवीन माणूस घेतोय." मी हो म्हटलं. त्याचं बँक रिकन्सिलिएशन (म्हणजे आपला हिशेब बँकेच्या नोंदींशी जुळवणं), येणी वसूल करायचा पाठपुरावा, महिनाअखेरचं क्लोजिंग (त्या महिन्याचे हिशेब पूर्ण करून बंद करणं), सगळं माझ्या टेबलावर आलं. त्या दोन महिन्यांची तीन वर्षं झाली.

ती जागा माझ्यामुळेच रिकामी राहिली, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. वरच्या लोकांना एवढंच दिसत होतं की रिपोर्ट दर महिन्याला वेळेवर येतोय. काम अडलं असतं तर माणूस आला असता, पण मी ते अडूच दिलं नाही. पुढे मी सोडून गेले आणि दोघांचं काम एका नवख्या मुलीच्या गळ्यात पडलं. तिला सांगितलं गेलं, "आधीच्या मॅडम एकट्या करायच्या." तिने फोन करून मला विचारलं, कसं जमवायचात? मला उत्तर देता आलं नाही. स्वतःच्या झिजण्यापेक्षाही याची खंत मला जास्त आहे.

आणि काम तरी चांगलं होत होतं का? रात्री अकराला एकच व्हाउचर दोनदा चढवायचं आणि दुसऱ्या दिवशी तो फरक शोधण्यात सकाळ घालवायची, असं कितीदा झालं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी तपासल्या आहेत. आठवड्याला साधारण ५० तासांच्या पुढे दर तासाचं उत्पादन घसरत जातं आणि ७० तास राबणाऱ्यांचं काम ५६ तासवाल्यांपेक्षा जेमतेमच जास्त भरतं, असं त्यांना दिसलं. वाचताना मला माझी ती व्हाउचरं आठवली.

शरीराचा हिशेब वेगळाच. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये मांडलं. माझे तास तेव्हा साठीच्या पुढे होते.

त्याच काळात बाबा हॉस्पिटलमध्ये होते. क्लोजिंगचा आठवडा होता. रात्री मी त्यांच्या कॉटशेजारी बसून लॅपटॉप मांडीवर सांभाळत होते. मला वाटलं ते झोपलेत. त्यांनी सलाईन लावलेला हात हळूच बाजूला सरकवला, मला लॅपटॉप गादीवर टेकवता यावा म्हणून. बोलले काहीच नाहीत. मी लॅपटॉप तिथे टेकवला आणि काम पूर्ण केलं. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

पुढे साहेबांची बदली झाली. माझ्या रात्री, सोडलेल्या रजा, हॉस्पिटलमधून पाठवलेलं क्लोजिंग, हे सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होतं आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. नवीन साहेबांनी मूल्यमापनात लिहिलं, "काम अपेक्षेप्रमाणे." माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापुढे जो कागद होता, त्यावरून दुसरं काय लिहिणार? मी कंपनीच्या नावे जमा करत होते आणि त्या खात्याचं पासबुक कुणाकडेच नव्हतं. माणूस माणसाचं ऋण लक्षात ठेवतो. कंपनीने ते ठेवावं अशी अपेक्षा धरली, ती चूक माझी होती.

तर आता सहाला उठते. खरीच अडचण असेल तर थांबते, शेजारचा अडला तर नक्कीच थांबते, पण जादा तास मेलवर कळवते.

मध्यंतरी इथल्या साहेबांनीही विचारलं, "दोन महिने सांभाळाल का?" छातीत धस्स झालं. म्हटलं, "सांभाळते. पण माझ्याकडचं कुठलं काम तोवर बाजूला ठेवू? आणि माणूस कोणत्या तारखेला येईल?" ते जरा गप्प झाले. मग दोन रिपोर्ट दुसरीकडे दिले आणि तारीख मेलवर कळवली. सातव्या आठवड्यात नवा मुलगा रुजू झाला. त्याला रिकन्सिलिएशन शिकवायला मला तीन दिवस लागले.