हर्णैला काळी तोंडं

कोकणात वेळासला कासवाची पिल्लं पाहिली. पिल्लं गोड, पण दोरीला खेटून मोबाईल उंचावलेली माणसं त्यांच्या कितीतरी पट. एकमेकांच्या कोपरांचेच फोटो निघाले असणार. त्याबद्दल एवढंच पुरे.

खरी मजा आली हर्णैला, संध्याकाळच्या लिलावात. होड्या लागलेल्या, पाट्या उतरताहेत, बायको नाकाला रुमाल लावून गाडीतच बसलेली आणि डोक्यावर कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, नुसता कल्ला. मार्च संपत आलेला. माझ्या पुस्तकात तपकिरी डोक्याचा कुरव अगदी नावासारखा छापलाय. आपल्याकडे हिवाळाभर दिसतो तो पांढऱ्या डोक्याचा, कानामागे काय तो एक काळपट ठिपका! काळ्या डोक्याच्या कुरवाचं तेच. त्यातून विणीच्या दिवसांतही त्याचं डोकं काळं नसतंच, गडद चॉकलेटी असतं. ज्यानं नाव ठेवलं त्याला नावं ठेवावीत तेवढी थोडी.

म्हणून मी डोकं सोडून पंख बघतो. मोठ्या पक्ष्याच्या पंखाचं टोक काळं, त्यात पांढरा ठिपका आणि डोळा फिकट, तर तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र आणि डोळा गडद, तर काळ्या डोक्याचा. पण त्या दिवशी डोकीही रंगायला लागली होती. कुणाचं अर्धं, कुणाचं चट्टेपट्टे, एकदोघांचं पुरतं.

बांगडे निवडत बसलेल्या एका मावशींना विचारलं, हे असे का दिसताहेत? त्यांनी वर न बघता सांगितलं, "तोंडं काळी झाली ना, आता तोंड काळं करतील. पावसात एक दिसायचा नाही."

माझ्या पुस्तकाला यासाठी दोन पानं लागलीत. तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण करायला जातात. इकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्याही किनाऱ्यावर. म्हणजे पावसाळ्यात या बंदराला ना होड्या, ना कुरव.

दुसऱ्या दिवशी मुरुडच्या वाळूत सँड प्लोव्हर हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी दिसले, छातीवर नारिंगी झाक चढलेले. तेही निघायच्या तयारीत.

लिलावातून परतताना एक गृहस्थ मुलाकडून कुरवांना फरसाण फेकवत होते. मासळीबाजारात, फरसाण! मी तोंड उघडणार एवढ्यात एकानं शेव हवेतच टिपली आणि बापानं टाळ्या वाजवल्या. पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका होता. तपकिरी डोक्याचा.