बिल्ला कानात नाही, अळ्या आहेत!

पावसाळ्यात आमच्या कालवडीच्या कानातला ओळख नंबराचा बिल्ला दाव्यात अडकला आणि कान फाटला. जखम बारीकच, पण दोन-चार दिवसांत ती सारखी मान झटकायला लागली. कानाला घाण वास, लालसर पाणी. बॅटरी मारून बघितलं, तर अळ्या तोंडं मांसात खुपसून शेपट्या वर करून बसलेल्या.

जनावर गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर फिरतीवर. खिडकीतल्या गृहस्थांचा पहिला प्रश्न, "बिल्ला नंबर?"

"साहेब, बिल्ला तुटला म्हणूनच तर आणलीय."

"बारा आकडे टाकल्याशिवाय केस पुढे जात नाही."

"मग नवा मारा."

"शिल्लक नाहीत. आणि फाटक्या कानात कसा मारणार?"

2024 पासून बिल्ला सक्तीचा आहे, मान्य. पण नियम कानासाठी की कान नियमासाठी? कालवड बाहेर खांबाला डोकं घासतेय आणि मी आधार कार्डाची झेरॉक्स शोधतोय! दुपार टळल्यावर डॉक्टर आले. माझा मोबाईल नंबर टाकला, माझ्या नावावरची सगळी जनावरं स्क्रीनवर, कालवडीचा नंबरसुद्धा. एवढंच होतं तर सकाळपासून काय चाललं होतं, हे मी विचारलं नाही. कालवड अजून त्यांच्या हातात होती. बिल्ल्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, बाबांनो.

पुढचं काम झटपट झालं. केस कापले, टर्पेंटाईनचा बोळा जखमेत दाबून ठेवला, गुदमरलेल्या अळ्या वर आल्या तशा चिमट्याने काढल्या. मग धुणं, मलम, आणि कातडीखाली आयव्हरमेक्टिनचं (अळ्या-गोचीड मारणारं औषध) इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, साध्या माशीच्या अळ्या सडकं खातात, ही जात जिवंत मांस खाते. मादी जखमेच्या कडेला शंभरावर अंडी घालते, ती दिवसभरात फुटतात. म्हणून पावसाळ्यात वासराची नाळ, शिंगाची जखम, गोचीड चावल्याची जागासुद्धा रोज बघायची.

काढलेल्या अळ्या गोठ्यात टाकू नका. मातीत शिरून कोष करतात आणि माशी होऊन परत येतात. आम्ही उकळत्या पाण्यात टाकल्या.

हो, आणि कुत्र्या-मांजरांवर हा टर्पेंटाईनचा प्रयोग घरी करू नका. मांजराला तो विषारी आहे, कोली जातीसारख्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनही जिवावर बेततं. गाय दुभती असेल तर इंजेक्शनाआधीच दूध किती दिवस वापरायचं नाही ते विचारून घ्या.

नवा बिल्ला अजून आलेला नाही.