जंतूचा जीन कपाशीला कसा कळतो

बीटी कपाशीला आपल्याकडं 2002 ला परवानगी मिळाली, आणि आता खान्देशात बिगर बीटीचं पाकीट मागायला गेलं तं कृषी केंद्रवाला वेड्यातच काढतो. अळी मारणारा तो जीन मुळात मातीतल्या एका बॅक्टेरियाचा, हे आता बहुतेक शेतकऱ्यांना माहीत आहे (गुलाबी बोंडअळी त्याला आता भीक घालत नाही, तो वेगळा विषय). पण आमच्या एका नानांनी विचारलं, "जंतूना जीन कपाशीले कसा समजस रे भो?" आणि हा प्रश्न खरंच जबरी आहे.

थोडक्यात उत्तर म्हंजे दोघांचा कोड, म्हंजे जीनची अक्षरं वाचून प्रोटीन बनवायचा तक्ता, एकच. आरएनए म्हंजे जीनची पेशीत वाचली जाणारी नक्कल, तिची अक्षरं 4 (ए, यू, जी, सी), तीन-तीनचे गट केले की 64 कोडॉन होतात, त्यातले 61 अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या साखळीतले मणी) सांगतात आणि 3 "थांब" म्हणतात. अमिनो ॲसिड फक्त 20, म्हणून एकेकाला बरेच कोडॉन. ग्लायसीनलाच 4 आहेत. 1961 मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू यू यू चा आरएनए टाकून बघितला तं फिनाइलअलॅनिनची साखळी तयार झाली, तिथून हा तक्ता सुटायला लागला, पुढं आपल्या हरगोविंद खुरानांनी बरंच काम केलं आणि 1968 चं नोबेल निरेनबर्ग, हॉली आणि त्यांना मिळालं. तर बॅक्टेरियात जो कोडॉन ग्लायसीन सांगतो तोच कपाशीतही ग्लायसीन सांगतो. फक्त एकाच ॲसिडच्या कोडॉनांपैकी कुठला जास्त वापरायचा याची सवय वेगवेगळी असते, म्हणून तो जीन झाडात नीट चालावा यासाठी त्याची अक्षरं बदलून घ्यावी लागली, प्रोटीन तेच ठेवून.

पण एकच कोड का? डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या क्रिकनं 1968 मध्येच सांगून टाकलं की हा गोठलेला अपघात. सुरुवातीला कसंही जुळलं असेल, पण एकदा हजारो प्रोटीनं त्यावर चालायला लागली की एका कोडॉनचा अर्थ बदलला तरी सगळी प्रोटीनं एकदम बिघडणार, मग बदलणार कोण. गोठण्याचं मला पटतं. अपघाताचं एवढं पटत नाही, कारण तक्ता बघा, मधलं अक्षर यू असलं की सगळी पाण्यापासून लांब राहणारी ॲसिडं, आणि तिसरं अक्षर चुकलं तरी बऱ्याचदा काहीच बिघडत नाही. फ्रीलँड आणि हर्स्ट यांनी 1998 मध्ये कॉम्प्युटरवर दहा लाख रँडम कोड बनवून तपासले, चूक झेलण्यात आपल्यापेक्षा सरस निघाला फक्त 1.

वाँग नावाच्या शास्त्रज्ञाची 1975 ची थिअरी मला शेतकऱ्याच्या घरची वाटते. तो म्हणतो आधी थोडीच ॲसिडं होती, पेशी त्यांच्यापासून नवी बनवायला लागली आणि बापाच्या सातबाऱ्यातून पोराला तुकडा मिळावा तसे जुन्याचे कोडॉन नव्याला गेले. ॲस्पार्टिकचा जीएयू, त्याच्यापासून होणाऱ्या ॲस्पॅराजीनचा एएयू, शेजारी शेजारी. आकडेमोडवाल्यांनी नंतर याच्यावर बरीच टीका केली. तिसरा पक्ष म्हणतो आरएनए आणि ॲसिड यांची आधीपासूनच एकमेकांशी रासायनिक ओढ आहे, आर्जिनीनच्या बाबतीत त्याला थोडाफार आधारही मिळालाय, पण सगळ्या वीसच्या वीस ॲसिडांना ते लागू होत नाही.

आणि पूर्ण गोठलंय असंही नाही ना भो. आपल्याच मायटोकाँड्रियात (पेशीतलं ऊर्जा बनवणारं घर, त्याचे थोडे स्वतःचे जीन असतात) यूजीए म्हंजे "थांब" नाही, ट्रिप्टोफॅन नावाचं ॲसिड, हे 1979 ला कळलं. पण तिथं प्रोटीनं बनतात मोजून 13, म्हणून बदल परवडला असणार.

मला सगळ्यात आवडली ती 2006 ची थिअरी, वेट्सिगियन, वूझ आणि गोल्डनफेल्ड यांची. त्यांचं म्हणणं, सुरुवातीच्या जीवांमध्ये जीनची देवाणघेवाण जोरात चालायची, मग ज्याचा कोड बाकीच्यांशी जुळतो त्यालाच दुसऱ्याचे कामाचे जीन वापरता येणार, वेगळा कोडवाला एकटा पडणार, असं होत होत सगळे एका कोडवर आले. म्हंजे नानांचा प्रश्नच उलटा करावा लागतो, कोड एक आहे म्हणून जीन इकडून तिकडं चालतो हे खरंच, पण जीन इकडून तिकडं फिरत होते म्हणून कोड एक झाला असंही असू शकतं.

याची उलट बाजूही लॅबमध्ये दिसलीय. केंब्रिजमध्ये 2019 ला ई. कोलाय या बॅक्टेरियाचा अख्खा जीनोम (सगळ्या जीनचा संच) नव्यानं लिहून 18 हजारांहून जास्त कोडॉन बदलले आणि 64 च्या जागी 61 वर भागवलं, जीव जगला, फक्त वाढ हळू झाली. मग 2021 मध्ये त्या रिकाम्या कोडॉनांना वाचणारे टीआरएनए (कोडॉन ओळखून त्याचं ॲसिड आणून देणारे रेणू) पण काढून टाकले, आणि व्हायरस सोडले तं त्यांना त्या पेशीत वाढताच येईना, कारण त्यांचे जीन वाचायला तिथं कोणी उरलंच नव्हतं.