नववीच्या ताटाचा हिशेब

शालेय पोषण आहाराची नोंदवही मी काही वर्षे लिहिली आहे, त्यामुळे सध्या आठवीपर्यंत असलेली ही योजना दहावीपर्यंत न्यावी अशी मागणी होते तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचाच निघणार, हे मला ठाऊक आहे. प्रश्न रास्त आहे. मात्र तो नीट मांडला जात नाही.

आमच्या शाळेत पाचवी ते आठवीची १२० मुले जेवतात आणि नववी-दहावीची ७० मुले त्याच व्हरांड्यातून पुढे जातात. जूनमध्ये नववीत गेलेली एक मुलगी मधल्या सुट्टीत धाकट्या भावाच्या पंगतीशेजारी उभी राहिलेली मी पाहिली. त्याने आपल्या ताटातली खिचडी तिच्या डब्याच्या झाकणात काढून दिली. एप्रिलपर्यंत ती त्याच पंगतीत बसत होती.

उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी मे २०२५ पासून डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून प्रति ताट १०.१७ रुपये दर आहे, तर १५० ग्रॅम धान्य केंद्र सरकार वेगळे पुरवते. हाच दर धरला, तर ७० मुलांचे दिवसाला सुमारे ७१२ रुपये होतात आणि २२० दिवसांचे दीड लाखाच्या थोडे वर. स्वयंपाकघर आहेच. २६ ते १०० मुलांमागे दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभरामागे एक स्वयंपाकी हा निकष पाहता १२० मुलांसाठी आज तीन जणी आहेत, आणि १९० मुले झाली तरी कागदावर तीनच पुरतात.

येथेच मला थांबावेसे वाटते, कारण खर्च कमी दिसण्याचे एक कारण या तिघींच्या कष्टात दडलेले आहे. त्यांच्या मानधनासाठी केंद्राने २००९ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातून दहा महिन्यांचे, आणि तो आकडा अजून तसाच आहे; राज्ये आपापल्या परीने त्यात भर घालतात. साडेदहा किलो धान्य रोज जास्त निवडायचे, शिजवायचे, ७० ताटे वाढायची, आणि मानधन मात्र तेच, असा विस्तार मला मान्य नाही. तसेच पंधरा वर्षांच्या मुलाची भूक अकरा वर्षांच्या मुलाएवढ्या मापात बसवणेही योग्य नाही. मोठ्या वर्गांसाठी धान्य, डाळ आणि दर या तिन्हींचे माप नव्याने ठरवावे लागेल.

म्हणजे खरा खर्च वरच्या दीड लाखापेक्षा जास्त येईल, आणि तो तसाच मांडून मंजूर करून घ्यावा. तामिळनाडू आणि कर्नाटक ही राज्ये दहावीपर्यंतच्या मुलांना शाळेत जेवण देतात, तेव्हा हे पेलणारे नाही असे म्हणता येत नाही. २००७-०८ मध्ये सहावी ते आठवीचे वर्ग या योजनेत घेताना आधी शैक्षणिकदृष्ट्या मागास विकासगट (ब्लॉक) निवडले होते आणि नंतर ती देशभर लागू झाली. नववी-दहावीसाठीही सुरुवात तशीच करता येईल.