धुळ्याहून समुद्र, व्हाया नाशिक

आमच्याकडे समुद्राचं नाव काढलं की दोनच ठिकाणं पुढे येतात, गोवा नाहीतर सुरत. गोवा मित्रांबरोबर, सुरत नातेवाईकांकडे. धुळ्यात असं घर शोधून सापडायचं नाही ज्यांचं कोणीच सुरतेच्या उधना-लिंबायतला नाही, त्यामुळे सुरतेजवळचा डुमसचा किनारा आम्ही सगळ्यांनी टमाट्याची भजी खात खात लहानपणीच बघून घेतलाय. आपली तापी पण शेवटी तिकडेच जाऊन समुद्राला मिळते, म्हणजे हक्काचा समुद्र तोच.

पण यंदा फॅमिली ग्रुपवर पुण्याच्या भाच्याने लिस्ट टाकली. समुद्र पाहिजे, वाइन पाहिजे, जेवण एकदम भारी पाहिजे, थोडी झाडी-बिडी आणि "लोकल कल्चर". आता आली का पंचाईत. सुरतेला बाकी सगळं मिळेल पण गुजरात 1960 पासून कोरडं. नाशिकला वाइन आहे तर समुद्र नाही. गोव्यात सगळंच आहे पण धुळ्याहून जाण्यायेण्यातच निम्मी सुट्टी संपते, आणि डिसेंबरातल्या तिथल्या गर्दीबद्दल तर मी बोलतच नाही.

मला खरं सांगायचं तर ट्रिपपेक्षा ट्रिपचा नकाशा बघत बसायलाच जास्त आवडतं. तर असाच मोबाईलवर बोट फिरवता फिरवता सापडलं बोर्डी. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं अगदी वरचं टोक, पुढे लगेच गुजरात. आग्रा रोडने मालेगाव, चांदवड, नाशिक, मग त्र्यंबक, जव्हार करत डहाणूला उतरायचं, आणि गंमत म्हणजे वाइन रस्त्यातच. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे, त्यांची पहिली वाइन 2000 साली आली, आता तर आजूबाजूला बऱ्याच वायनरी झाल्यात. फक्त तिथे जो गाडी चालवणार तो चाखणार नाही, बाटल्या डिकीत टाकायच्या आणि निघायचं, यावर मात्र नानांनी आधीच हात वर केला की मी गाडी चालवत नाही.

वाइनचं आमच्याकडे एक वेगळंच दुखणं आहे. मासे म्हणजे आम्हाला नदीतले रोहू-कटला, ते पण काळ्या मसाल्यात, डोळ्यातून पाणी काढणारे. त्यावर ड्राय रेड घेतली तर तोंड नुसतं कडू होतं, पैसे वाया. थंडगार शेनिन ब्लां, म्हणजे पांढरी वाइन, जराशी गोडसर, ती तिखटापुढे टिकते आणि साध्या तळलेल्या पापलेटला पण चालते. बोर्डीत तर चिकूची पण वाइन निघालीये म्हणे, मी चाखलेली नाही त्यामुळे मत राखून ठेवतो. शेजारच्या घोलवडच्या चिकूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आपल्या जळगावच्या केळी-वांग्यासारखाच. थंडीत तिकडे उंबाडियू पण मिळतं, मडक्यात कंद, पापडी, बटाटे भरून मडकं उपडं ठेवायचं आणि वरून जाळ, ते वाचून तर आमच्या आक्काला कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीतच आठवलं आणि ती एका मिनिटात ट्रिपला तयार.

झाडीची काळजी नाही. चिकूच्या वाड्या आहेत, किनाऱ्याला सुरूची झाडं, आणि डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील जाहीर केलेला आहे, त्यामुळे औष्णिक वीज केंद्र सोडलं तर बरीच वर्षं मोठं काही आलं नाही. कल्चरचं म्हणाल तर वारली चित्रं इथलीच. जिव्या सोमा मशे डहाणूजवळच्या गंजाडचे, 2011 ला पद्मश्री मिळाली त्यांना. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने काढलेली ती माणसं आता उशीच्या अभ्र्यावर पण दिसतात, पण अभ्रा बघून झाला म्हणजे कल्चर झालं असं नाही ना. जवळच बहरोटच्या डोंगरात गुहा आहेत, पारशांची वस्ती असलेल्या, पलीकडे गुजरातेतल्या संजाणवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी तिथे लपवून जपला होता. डोंगर चढायला आमच्यातले किती तयार होतील हा प्रश्न वेगळा.

एवढं सगळं जमलं आणि गाडी तारखेवर अडकली. बायकोला पौर्णिमा पाहिजे, चांदण्यातला समुद्र वगैरे. पण किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता भरती पूर्ण. म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. संध्याकाळी ओहोटी, आणि बोर्डीचा किनारा इतका सपाट की पाणी पार लांब जातं, आपण ग्लास घेऊन बसायचं आणि समोर नुसती ओली वाळू नि चिखल. रात्री अकराला समुद्र येणार तोवर आमचे निम्मे लोक घोरत असतील. अष्टमीला बघा, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्य बुडताना बरोबर भरती पूर्ण.

मी हे सगळं कालनिर्णय पुढे ठेवून आईला समजावून सांगितलं. ती म्हणे, "समुद्रमा काय देखनं शे, पानीच पानी शे ना." पण कॅलेंडर हातात घेतलंच तिने, आणि सगळ्यांना सुट्टी असलेल्या आठवड्यातली अष्टमी निघाली नेमकी मार्गशीर्षातल्या गुरुवारची. घरातल्या बायकांचे उपास, पापलेट बाद. नवमीला भरती पावणेसातला येते, अंधार पडलेला असतो पण शुक्रवार आहे, मासे चालतात. सध्या ग्रुपवर यावर मतदान चालू आहे आणि नाना दोन्हीकडे हो म्हणतायत.