१८८५ सालचा दिवाणखाना

रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी सेट पहिल्यांदा पूर्ण लागला. नाटक १८८५ सालच्या लंडनमधलं, एका सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात घडणारं. नेपथ्य आणि वेशभूषा माझ्याकडे होती. दिग्दर्शकांचा सुरुवातीपासून एकच आग्रह, सगळं अगदी त्याच सालातलं हवं. जुने फोटो पाहून वस्तू तशाच जमवल्या होत्या. गडद महोगनी, बटणं टाचलेला सोफा, झालरी, मखमली पडदे. एकेक वस्तू बिनचूक, तरी प्रेक्षागृहातून ते कुणाचं घर वाटेना, फर्निचरचं दुकान वाटत होतं.

दिग्दर्शकांना शेजारी बसवून विचारलं, "सर, या घरात कुणाची आजी राहून गेलीय असं वाटतं का?" कोणत्याही काळातलं घर घ्या, त्यात त्या सालची वस्तू थोडी आणि आधीच्या दोन पिढ्यांची जास्त. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "दाखवा काय करताय ते."

गोदामातून रीजन्सी नावाच्या जुन्या इंग्रजी घडणीची एक खुर्ची मागवली, १८१५च्या सुमारास चालायची तशी, तलवारीसारख्या बाकदार पायांची. तिच्यासाठी दोन नव्या खुर्च्या विंगेत गेल्या. भिंतीवरची एक तसबीर हलवली; तिच्या मूळ जागी वॉलपेपरचा चौकोन गडद ठेवून आजूबाजूचा रंग उतरवून घेतला. गॅसच्या दिव्यांच्या वर छताला काजळी धरली. गॅसच्या मेंटलचं, म्हणजे ज्योतीवर बसवून उजेड वाढवणाऱ्या जाळीचं, संशोधक वेल्सबाखचं पेटंट १८८५चंच, पण तो घरोघरी पोचला पुढच्या काही वर्षांत. म्हणजे या खोलीत उघडी ज्योत, पिवळी आणि धुरकट. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात मात्र १८८१पासून विजेचे दिवे होते. या घरातली माणसं संध्याकाळी तिथला उजेड पाहून या खोलीत परतत असणार. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीला एवढं सांगितलं आणि तिने आपणहून पांढरे दिवे उतरवले.

खरी गोष्ट घडली ती नायिका पूर्ण पोशाखात आली तेव्हा. कॉर्सेट, म्हणजे धड आवळून धरणारी ताठ चोळी, आणि स्कर्टखाली कमरेमागे 'बसल', म्हणजे स्कर्ट मागून फुगवणारा सांगाडा. आजवरच्या तालमी तिने जीन्समध्ये केलेल्या. तिसऱ्या अंकात पत्र वाचून तिने सोफ्यावर कोसळायचं होतं. ती गेली, आणि कोसळताच येईना. बसताना मिटणारे तारेचे सांगाडे त्या काळी होते, आमचाही तसाच होता. पण तो मिटला तरी कॉर्सेट पाठीला बाक येऊ देत नाही. दिग्दर्शक म्हणाले, या प्रसंगापुरतं आतलं काढून टाका. मी नाही म्हणणार तोच ती म्हणाली, "थांबा सर, मला असंच करून बघू द्या."

तिने त्या जुन्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. उभ्यानेच पत्र पुन्हा वाचलं. मग सोफ्याच्या कडेवर तिरकी बसली, कणा ताठ, पत्राची घडी घालत राहिली. बाईला घरातसुद्धा मोडून पडायची सोय नाही, हे संहितेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते तिला पोशाखाने सांगितलं. मला काळाची शैली म्हणायचं असतं ते हेच. अंगाला काय करता येतं आणि काय नाही, तिथून ती सुरू होते.

केसांवरून मात्र वाद झालाच. दिग्दर्शकांना या प्रसंगात नायिकेचे केस मोकळे हवे होते. साठच्या दशकातले ऐतिहासिक चित्रपट आठवा: कपडे शतकांपूर्वीचे, पण डोळ्यांचं लायनर आणि केसांचा फुगा थेट साठच्या दशकातला. आपल्याला आज जे सुंदर दिसतं तेच तिथे नकळत शिरतं, आणि केस हे त्याचं हमखास दार. घरात पाहुणे असताना त्या वर्गातली मोठी बाई केस सोडून बसणार नाही, यावर मी अडून राहिले. अंबाडा राहिला.

रात्री उशिरा आम्ही सोफा मागे सरकवला, जुनी खुर्ची पुढे आणली आणि तिसऱ्या अंकाच्या हालचाली नव्याने बांधायला घेतल्या. तोवर बाकीचे नटही आपापल्या ताठ कॉलरी आणि कोट मागायला आले होते.