पोळीचा आणि डोक्याचा संबंध काय?

"गव्हानं पोट बिघडतं हे समजलं, पण डोकं कसं काय बिघडतं?" लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबा उघडताना, नात्यात नव्यानं आलेल्या सुनेकडून हा प्रश्न मला हमखास येतो. मला सिलियाक आजार आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, पंगतीत उभ्याउभ्या ते सांगून होत नाही.

मी हिशेब तपासायचं काम करते. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की आकडे दिसतात, पण बिलावरचा आकडा व्हाउचरपर्यंत डोक्यात टिकत नाही. पुन्हा बिल बघावं लागतं, आणि पुन्हा. समोरचा बोलत असतो, शब्द कानावर पडतात, अर्थ मागून येतो. रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडतं. ही झोप नव्हे, कारण झोपून उठलं तरी ते जात नाही. कधी दुसऱ्या दिवशी ओसरतं, कधी त्यात सगळा आठवडा जातो. डॉक्टर याला 'ब्रेन फॉग' म्हणतात आणि सिलियाकच्या बऱ्याच रुग्णांची ही तक्रार असते.

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. सिलियाकमध्ये ते लहान आतड्यात पोचलं की शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तरावर बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांतून अन्नरस शोषला जातो. ते झिजून सपाट होतात. मग जेवण कितीही चांगलं असो, लोह, फोलेट, बी-१२ अंगी लागत नाही, आणि लोह कमी पडलेल्या माणसाचं लक्ष कुठून लागणार? हे सावकाश घडणारं झालं. दुसरं झपाट्यानं घडतं. ग्लुटेन खाल्ल्यावर इंटरल्युकिन-२ हा प्रतिकारशक्तीचा संदेशवाहक रक्तात वाढतो आणि साधारण ४ तासांत सर्वांत वरच्या पातळीला पोचतो. डोकं मंदावण्यात यातल्या कशाचा वाटा किती, यावर अजून संशोधन चालू आहे. पण हे 'मनाचे खेळ' नाहीत, एवढं मी ठामपणे सांगते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नुकतंच निदान झालेल्या ११ जणांना वर्षभर ग्लुटेनमुक्त आहारावर ठेवून तपासलं आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. आतडं जसं भरून येत गेलं, तसं लक्ष, शब्द सुचणं आणि हाताचा वेग यांच्या चाचण्यांतलं यशही वाढत गेलं. माणसं थोडी होती, पण ते वाचलं तेव्हा मला फार धीर आला.

आता आपल्या नागपूरचं. इथलं जेवण मला खरं तर सोयीचं. ज्वारीची भाकरी, गोळाभात, वडाभात, पाटोडीचा रस्सा, सगळं ज्वारी, तांदूळ, डाळ आणि बेसनाचं. लांब पोळी आणि रोडगे तेवढे सोडायचे. पण खरी अडचण दिसत नाही अशा ठिकाणी असते. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे वरणाची फोडणीसुद्धा माझ्यासाठी गव्हाची. सांबारवडीत आत भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, असतो, पण वरची पारी मैद्याची असली तर ती गेली. चक्कीवर गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली की दगडांत अडकलेली कणीक माझ्या पिठात उतरते. म्हणून ज्वारी घरीच दळते, लाटणं-परात वेगळी ठेवते. आपल्याकडे 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन चालतं. चिमूटभर कणीकही माझ्यासाठी किती जास्त आहे, याचा अंदाज यावरून यावा.

त्यामुळे "एवढ्याशानं काय होते बाप्पा?" असं कुणी मायेनं म्हणालं की मला नाही म्हणणं जड जातं. आत्यानं स्वतः केलेली पुरणपोळी नाकारणं तर फारच. तरी नाकारते. पोटात दुखलं तर गोळी घेऊन पडून राहता येतं. डोकं चालेनासं झालं की मात्र माझं काम, माझं बोलणं, मुलाचा अभ्यास घेणं, सगळंच थांबतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मी फक्त आळसावलेली दिसते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. माझं ऐकून "माझंही लक्ष लागत नाही, गहूच बंद करतो" असं परस्पर ठरवू नका. लक्ष न लागण्याची कारणं पुष्कळ असतात: थायरॉइड, झोप, रक्त कमी असणं. सिलियाकची शंका असेल तर आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करा, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासून घ्या. हे सगळं होईपर्यंत पोळी खात राहा. गहू आधीच सोडला तर तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं. घरात एकाला हा आजार निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं यांनीही रक्त तपासून घ्यावं, पोटाची काहीच तक्रार नसली तरी. माझ्या भावाला मी त्याच आठवड्यात तपासायला लावलं.